भुसावळात शोरम्याची शाखा उघडताना : माझा अनुभव

भुसावळमध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांना जेवणाचे डबे पुरवण्याचे काम मी नऊ वर्षे केले. पुढे गुडघे साथ देईनात, तेव्हा धाकट्या दिरांनी सुचवले की, जळगावात ज्या लेबनीज शोरम्याच्या दुकानांसमोर रोज संध्याकाळी गर्दी असते, त्या साखळीची शाखा आपण गावात घ्यावी. "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे, बाकीचे मी पाहतो," असे ते म्हणाले. प्रत्यक्षात अर्ज केल्यापासून पहिला शोरमा गिऱ्हाइकाच्या हाती देईपर्यंत साडेचार महिने लागले आणि त्यात चवीपेक्षा शिजवण्याच्या शिस्तीचा भाग मोठा होता.

पहिला प्रश्न परवान्याचा होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असेल तर अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरत असे आणि तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये होते. डब्यांसाठी माझ्याकडे तीच होती. परंतु १२ लाख म्हणजे महिन्याला १ लाख, दिवसाला साधारण ३,३०० रुपये. १०० रुपयांचा एक शोरमा धरला तरी तेहतीस विकले की मर्यादा संपते. म्हणून आम्ही सरळ राज्य परवान्यासाठी अर्ज केला. जागेचा करारनामा माझ्या नावावर आणि वीजबिल जुन्या भाडेकरूच्या नावावर राहिल्यामुळे तो त्रुटी दाखवून परत आला. ही तपासणी मी आधीच करायला हवी होती. बिलावरचे नाव बदलून घेण्यात पाच आठवडे गेले.

तेवढ्या काळात साखळीच्या जळगावच्या स्वयंपाकघरात माझे प्रशिक्षण सुरू झाले. शोरमा हा शब्द 'फिरवणे' या अर्थाच्या तुर्की शब्दापासून अरबीत आला, हे तेथील उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि मग तीन आठवडे त्या फिरण्याचेच धडे दिले. दही, लिंबू, लसूण, दालचिनी आणि वेलची यांत रात्रभर मुरवलेले कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे काप उभ्या सळईवर एकावर एक दाबून बसवायचे असतात. गॅसच्या आचेने बाहेरचा थर भाजला जातो, आतला कच्चाच राहतो. भरताचे वांगे काड्यांच्या जाळावर वरून काळे पडले तरी देठाजवळ कच्चे राहू शकते, हे खान्देशातल्या बाईला शिकवावे लागत नाही; पण वांगे आपण दाबून पाहतो, येथे समोर रांग उभी असते आणि सुरी आपोआप खोल जाते. त्यामुळे फक्त भाजलेला पातळ थर उतरवायचा, तो तव्यावर पुन्हा परतायचा आणि उष्णतामापकावर ७५ अंश दिसल्याशिवाय पोळीत भरायचा नाही, असा तेथील नियम होता.

हा नियम मला जाचक वाटला नाही. मे २०२२ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाल्ल्यानंतर एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला होता, ती बातमी मी विसरले नव्हते.

सर्वांत कठीण गेला तो तूम. अरबीत तूम म्हणजे लसूणच. लसूण आणि मीठ बारीक वाटून त्यात तेल अक्षरशः थेंबाथेंबाने सोडायचे, मध्ये मध्ये लिंबाचा रस घालायचा, की पांढरीशुभ्र, मऊ चटणी तयार होते. अंडे अजिबात लागत नाही आणि कच्च्या अंड्याच्या मेयोनीजपेक्षा मला ती याच कारणासाठी अधिक भरवशाची वाटते. मात्र मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, माझी चटणी सलग चार वेळा फुटली. तेल वेगळे, लसूण वेगळा. उस्तादांनी भांडे पाहिले आणि म्हणाले, "ताई, हात बरोबर आहे, तेल गरम आहे." तेल, लिंबू आणि यंत्राचे भांडे तासभर फ्रीजमध्ये ठेवल्यावर पाचव्या वेळी ती जमली.

भुसावळच्या दुकानात मी दोन बदल मागितले आणि ते मान्य झाले. जळगावातील मोठ्या सळईऐवजी आम्ही आठ किलोंची लहान सळई लावतो, कारण उन्हाळ्यात मांस जितका कमी वेळ सळईवर राहील तितके बरे. दुसरा बदल विजेचा होता. वीज गेली की मोटर थांबते, आच मात्र चालूच राहते, त्यामुळे एक बाजू करपते आणि दुसरी थंड पडते; म्हणून मोटरपुरता इन्व्हर्टर बसवला आणि तोही बंद पडला तर सळई हाताने फिरवण्याची मूठ जोडून घेतली.

परवाना हातात आला तेव्हा त्याचा १४ अंकी क्रमांक दिरांनी दर्शनी भागात लावला. पहिल्या संध्याकाळी एकेचाळीस शोरमे गेले. पार्सलच्या प्रत्येक पुडीवर मी वेळ लिहिली आणि तासाभरात खाण्यास सांगितले. साडेदहाला सळईवर सुमारे दीड किलो मांस उरले होते. सासूबाईंना ते टाकून देणे पटले नाही, त्या दाराशी उभ्या राहून पाहत होत्या; मी ते पिशवीत भरून, गाठ मारून कचऱ्यात टाकले आणि सळई धुवायला घेतली.