हार्लीच्या गावात गुत्सी

गेल्या उन्हाळ्यात सात आठवडे माझी मोटरसायकल नुसती उभी होती. कारण काय, तर क्लचचा लिव्हर. वीतभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, जिथे मी राहतो, दुचाकी चालवण्याजोगे महिने मोजून सहा-सात. एप्रिलात रस्त्यावरचं मीठ पावसानं धुऊन जाईपर्यंत कुणी गाडी बाहेर काढत नाही आणि नोव्हेंबर लागला की बॅटरीला चार्जर जोडून तिच्यावर चादर टाकायची. त्यातले जुलै-ऑगस्ट गेले म्हणजे काय गेलं, हे ज्यानं इथला फेब्रुवारी काढलाय त्यालाच कळेल.

चूक माझीच होती. होली हिलच्या टेकडीवर चर्च बघायला गेलो आणि खडीवर साइड स्टँड लावून निघून गेलो. परत येतो तर गाडी डाव्या कुशीवर निवांत पहुडलेली. लिव्हर मधोमध तुटलेला, इंडिकेटरची काच फुटलेली, डाव्या सिलिंडरच्या झाकणावर ओरखडे. उरलेल्या अर्ध्या लिव्हरवर दोन बोटांनी क्लच दाबत घरी आलो. गाडीला बाकी काही झालं नव्हतं.

गाडी कुठली ते सांगायला हवं. मोटो गुत्सी, व्ही-सेव्हन थ्री, २०१८ ची, ७४४ सीसी. इथले लोक ‘गूझी’ म्हणतात, इटालियन माणूस ‘गुत्सी’ म्हणतो, आणि आमची आई ‘ती तुझी दोन्हीकडं पोट सुटलेली गाडी’ म्हणते. आईचं वर्णन सगळ्यात नेमकं आहे. इंजिनचे दोन सिलिंडर टाकीखालून डावी-उजवीकडे बाहेर येतात, व्हीच्या आकारात, नव्वद अंशांत. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, गाडीच्या लांबीला समांतर असल्यामुळे उभ्या गाडीला रेस दिली की ती उजवीकडे किंचित कलते. पहिल्यांदा बसणारा माणूस दचकतो. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट आहे, त्यामुळे चेनला तेल पाजत बसायला नको.

ही कंपनी १९२१ पासून कोमो सरोवराच्या काठावर मांदेल्लो देल लारिओ नावाच्या गावात गाड्या बनवते. टाकीवरचा गरुड जोवान्नी रावेल्लीच्या आठवणीत आहे. पहिल्या महायुद्धात इटलीच्या हवाई दलात कार्लो गुत्सी, जॉर्जो पारोदी आणि रावेल्ली अशा तिघांनी मिळून कंपनी काढायचं ठरवलं होतं. पण रावेल्ली १९१९ मध्ये विमान अपघातात गेला. २००४ पासून कंपनी पिआजिओकडे आहे. हो, बारामतीत कारखाना असलेली तीच पिआजिओ.

आणि ही गाडी मी चालवतो मिलवॉकीत, जिथे १९०३ मध्ये हार्ली-डेव्हिडसन जन्मली आणि २००८ पासून तिचं भलंथोरलं म्युझियमही आहे. आमच्या गल्लीत चार हार्ल्या आहेत. शेजारचे आजोबा, पंचाहत्तरीचे, मला दर रविवारी एकच प्रश्न विचारतात, ‘तुझा ट्रॅक्टर आज सुरू झाला का?’ मी त्यांना एकदा आठवण करून दिली की इटालियन गाडीचा मोह त्यांच्या कंपनीलाही झालाच होता, तोही दोनदा. १९६० मध्ये हार्लीनं इटलीतल्या वारेझेच्या एर्माक्की कंपनीत निम्मी भागीदारी घेतली, हार्लीच्या नावानं छोट्या इटालियन गाड्या विकल्या आणि १९७८ मध्ये सगळं काजिवा नावाच्या इटालियन कंपनीला देऊन टाकलं. मग २००८ मध्ये कोट्यवधी डॉलर मोजून एमव्ही अगुस्ता घेतली आणि दोनच वर्षांत नाममात्र किमतीला जुन्या मालकाच्या हाती परत दिली. आजोबा म्हणाले, ‘म्हणूनच सांगतोय.’

आता मुद्द्याचं. फोनवर प्रत्येक जण विचारतो, ‘इटालियन गाडी म्हणजे सारखी बंद पडत असेल ना?’ मी २०२१ मध्ये मॅडिसनमधल्या एका निवृत्त शिक्षकाकडून ती सेकंडहँड घेतली तेव्हा सात हजार मैल झाली होती. आता एकोणीस हजार झालेत. रस्त्यात एकदाही थांबली नाही. एकदा सुरू झाली नाही, ती पहिल्या हिवाळ्यानंतर, कारण चार्जर लावायला मी विसरलो होतो. बाकी टायर, ऑइल, ब्रेक पॅड.

एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकानं २०१५ मध्ये वाचकांच्या हजारो मोटरसायकलींची पाहणी छापली होती. चौथ्या वर्षापर्यंत मोठा बिघाड झालेल्या गाड्या: यामाहा ११ टक्के, हार्ली २६, डुकाटी ३३ आणि बीएमडब्ल्यू ४०. म्हणजे इटलीची जपानशी तुलनाच नाही, हे खरंच. पण ज्या जर्मन इंजिनिअरिंगपुढे आपण हात जोडतो ते त्या यादीत इटालियनच्याही खाली होतं. गुत्सीचं नाव त्या यादीत नव्हतंच. आणि गुत्सी धुतल्या तांदळाची आहे असंही नाही. तिच्या १२०० सीसीच्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात सपाट टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे छोटे भाग) झिजायचे. पुढे कंपनीनं रोलरचे टॅपेट आणले आणि जुन्या गाड्यांसाठी त्यांची किट काढली. डुकाटीच्या प्लॅस्टिकच्या टाक्या इथल्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं फुगल्या, त्यावरून कोर्टात दावे झाले. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. तुमच्याकडे वीस टक्क्यांचं आलंय, तेव्हा जुनी इटालियन गाडी बघायला गेलात तर टाकी आधी बघा.

पण माझे सात आठवडे यातल्या कशानंही गेले नाहीत.

गाडी घेतली तेव्हा घरापासून पंचवीस मिनिटांवर डीलर होता. चार ब्रँड विकायचा. इटालियन गाड्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, बर्फावर चालवायच्या स्नोमोबाइल पुढे. एक म्हातारा मेकॅनिक होता, त्याला या गाड्यांचं अंगप्रत्यंग माहीत. तो निवृत्त झाला आणि वर्षभरात दुकानानं तो ब्रँडच सोडला. पत्र नाही, ईमेल नाही. मी ऑइल फिल्टर घ्यायला गेलो तेव्हा कोपऱ्यात स्नोमोबाइल दिसल्या.

पुढचा डीलर राज्याच्या बाहेर, दीडशे किलोमीटरवर. लिव्हर तुटल्यावर त्याला फोन केला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, इटलीहून येईल, दोन आठवडे. दोन आठवड्यांनी म्हणाला, अजून दोन. तिसऱ्यांदा म्हणाला, ऑगस्ट आहे, तिकडे सगळं बंद असतं. यात तथ्य आहे, म्हणून मी गप्प बसलो. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि तिच्या मागेपुढे कारखाने बंद करून अख्खा देश समुद्रावर जातो. आपण झेंडावंदन करून जिलबी खाऊन दुपारी घरी येतो, ते तीन आठवड्यांनी येतात. सातव्या आठवड्यात मी स्वतः गाडीनं (चारचाकीनं, अर्थात) तिथे गेलो. काउंटरमागच्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तुमच्या नावावर कुठलीच ऑर्डर दिसत नाही.’

ऑर्डर टाकलीच नव्हती. मी तिथल्याच पार्किंगमध्ये उभा राहून फोनवरून दुसऱ्या राज्यातल्या एका पार्टवाल्याकडे लिव्हर मागवला. पाचव्या दिवशी दारात. बसवायला दहा मिनिटं लागली.

त्या रात्री मला सांगलीतली आमची स्कूटर आठवली. तिचं मूळही इटालियनच की! बजाजनं पिआजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला सुरुवात केली, १९७१ मध्ये परवाना संपला आणि मग त्याच घाटाची चेतक आली. आख्ख्या महाराष्ट्रानं एका इटालियन यंत्रावर पुढे पोरगं उभं करून, मागे बायको आणि पायाशी गॅसचा सिलिंडर घेऊन तीस वर्षं संसार केला. तिला कुणी बेभरवशाची म्हटलं नाही. सकाळी सुरू झाली नाही तर आडवी करायची, प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, आणि तरीही नाही झाली तर ढकलत कोपऱ्यावर न्यायची. कोपऱ्यावर मिस्त्री होता. क्लचवायर त्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असायची, झेंडूच्या माळांसारखी.

माझ्या गुत्सीत आणि बाबांच्या स्कूटरीत फरक असेल तर तो दीडशे किलोमीटरचा आहे. यंत्राचा नाही.

तेव्हा मी कोपऱ्यावरचा मिस्त्री स्वतःच व्हायचं ठरवलं. टॅपेट सेटिंगचा, म्हणजे व्हॉल्व्हची फट मापात आणण्याचा, डीलरचा अंदाज साडेचारशे डॉलर होता, वर गाडी न्यायची-आणायची म्हणजे दोन फेऱ्या. दर दहा हजार किलोमीटरला व्हॉल्व्ह बघायचे. ज्या डिझाइनला लोक जुनाट म्हणून हसतात ते इथे कामाला येतं. सिलिंडर बाहेरच असल्यामुळे टाकी काढायला नको, रेडिएटर मुळात नाहीच. झाकणाचे बोल्ट काढा, प्लग काढा, टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवा. प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची नळी घातली की पिस्टन वर आला ते समजतं. मग फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी), पाना आणि धीर. डुकाटीच्या जुन्या डेस्मो इंजिनात हे घरी करायची माझी छाती झाली नसती. तिथे व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंगऐवजी वेगळी दांडी असते, म्हणजे मापं दुप्पट, आणि शिवाय टायमिंग बेल्ट. डुकाटीलाही ते उमगलं असावं. त्यांच्या मल्टिस्ट्राडा व्ही-फोरमध्ये साधे स्प्रिंग आले आणि व्हॉल्व्ह तपासणी थेट ६० हजार किलोमीटरवर गेली.

पहिल्या वेळी धीर सुटला तेव्हा सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आमचे मिस्त्रीकाका आता सत्तरीचे आहेत, दुकान मुलगा बघतो. मी फोन इंजिनावर धरला. काकांनी चष्मा लावून बघितलं.

‘आरं, ही तर बुलेटच की बाबा! फकस्त दोन्हीकडं भाईर आलीया.’

‘काका, गेज कितपत अडकायला हवी?’

‘अडकायला नको आन् ढिली बी नको. लोण्यातनं सुरी जाती तशी. आन् इंजन गार हाय न्हवं? गरम इंजनावर टॅपेट मारलंस तर माझं नाव सांगू नगंस.’

जुन्या बुलेटचे पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्या) ते बोटानं फिरवून बघायचे, मापाला गेज लागायचीच नाही. माझ्या इंजिनातही पुशरॉडच आहेत. दोन्ही बाजू मिळून मला चार तास लागले; त्यातला एक तास काकांच्या जुन्या आठवणींचा होता. राहिला डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा दिवा. तो डीलरच्या कॉम्प्युटरशिवाय विझत नाही म्हणतात, पण हौशी लोकांनी बनवलेलं फुकटचं सॉफ्टवेअर आणि एक केबल त्याला पुरते.

इथे नवी गाडी घेणाऱ्यांना एक गोष्ट माहीत हवी. सर्व्हिस बाहेर किंवा घरी केली एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करता येत नाही. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदा आहे तसा. ऑइल-फिल्टरच्या पावत्या आणि तारखा मात्र जपून ठेवायच्या. वॉरंटीतलं काम फुकट करून घ्यायचं तर पुन्हा अधिकृत डीलरच लागतो, म्हणजे पुन्हा तेच दीडशे किलोमीटर.

हे सगळं लिहायचं निमित्त माझा भाचा. त्याला पिआजिओच्याच अप्रिलिया ब्रँडची आरएस ४५७ घ्यायचीय. २०२३ च्या डिसेंबरात गोव्यातल्या इंडिया बाइक वीकमध्ये तिची किंमत जाहीर झाली तेव्हापासून पैसे साठवतोय. तेव्हा ती ४ लाख १० हजार होती. गाडी बारामतीत बनते आणि तिथून बाहेरच्या देशांतही जाते. आपल्या बारामतीत बनलेली इटालियन गाडी मी अमेरिकेतल्या शोरूममध्ये बघितली तेव्हा छाती जरा फुगली, लपवत नाही. त्यानं विचारलं, ‘मामा, इटालियन आहे, भरवसा ठेवू का?’

मी त्याला सांगितलं की इटालियनचं सोड. सांगलीहून तुला सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर कुठलं ते बघ. तिथे फोन कर, नवी गाडी घेणारं गिऱ्हाईक म्हणून नको, गाडी असलेला मालक म्हणून कर. विचार, क्लच लिव्हर स्टॉकमध्ये आहे का, नसेल तर किती दिवसांत येईल. मग चार दिवसांनी परत फोन करून तेच विचार आणि दोन उत्तरं जुळतात का बघ. तिथे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या मालकाला चहा पाज.

याला तीन आठवडे झाले. फोन अजून केलेला नाही. काल रात्री दोन फोटो आले, खाली एवढंच: ‘मामा, काळी की पांढरी?’