आमची वाटचाल: आधी क्लिप आणा, मग बजेट बोलू

सांगलीत २००४ साली असेंबल्ड कॉम्प्युटरचं दुकान थाटलं तेव्हा आमचं गिऱ्हाईक म्हणजे सायबर कॅफेवाले, डीटीपीवाले आणि इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरांचे वडील. लग्नाचं शूटिंग करणारी मंडळी मागाहून आली. आज निम्म्याहून जास्त धंदा त्यांच्यावर चालतो.

तेव्हाचं एडिटिंग मशीन बांधायला डोकं फारसं लागत नसे. कॅमेरा मिनी डीव्ही टेपचा, म्हणजे छोट्या कॅसेटचा. मदरबोर्डात कॅमेरा जोडायचं फायरवायर कार्ड बसवायचं, तासाभराची टेप तासभर चालवून कॅप्चर करायची, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवायची. डीव्हीचा एक तास सुमारे १३ जीबी खातो, म्हणजे खरा प्रश्न हार्ड डिस्कचाच. एकीवर विंडोज, दुसरीवर शूटिंग, झालं. लोडशेडिंगमुळे यूपीएस प्रत्येकाला सक्तीचा. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिकडचे कारखाने पाण्याखाली गेले आणि ऐन लग्नसराईत हार्ड डिस्कचे भाव भडकले. तो हंगाम सोडला तर छापील कॉन्फिगरेशनचा एकच कागद वर्षानुवर्षं पुरला.

डीएसएलआर आले आणि तो कागद रद्दीत गेला. त्यांची फाइल एच.२६४ ची. ही व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत. फाइल आकारानं लहान, पण तिच्यातली प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. आजूबाजूच्या फ्रेमवरून ती उभी करावी लागते. कॉपी व्हायला हलकी, टाइमलाइनवर म्हणजे एडिट करताना जड. पुढे जास्त बारकाव्याचं फोरके आलं, फाइल आणखी दाबणारं एच.२६५ आलं, रंगांच्या जास्त छटांचं टेन बिट आलं. तेव्हापासून कोणी ‘दादा, साठ हजारात एडिटिंगचा पीसी बसवून द्या’ म्हणत आलं की मी आधी कॅमेरा आणि सॉफ्टवेअर विचारतो. मग म्हणतो, कार्डातली एक क्लिप घेऊन ये.

असं का, ते सांगतो. गिऱ्हाईक बहुतेक वेळा यादी घेऊनच येतं, आणि त्या यादीत इंटेलचा आय फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर असतो. एफ म्हणजे आतलं ग्राफिक बंद. हजार-दोन हजार वाचतात, गेम खेळणाऱ्याचं काही बिघडत नाही. पण आतल्या ग्राफिकबरोबर क्विक सिंकही जातं, आणि व्हिडिओ उलगडायचं काम तेच करतं. कॅनन आर६ कॅमेऱ्यावर लॉगमध्ये (नंतर रंग बसवायला सोयीच्या फिक्या चित्रात) शूट केलं की फाइल एच.२६५, टेन बिट, ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारी) अशी येते. डेस्कटॉपमध्ये ती अकराव्या पिढीपासूनचं इंटेलचं क्विक सिंक उलगडतं. एनव्हीडियाच्या ग्राफिक कार्डात ही सोय थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. म्हणजे यादीतलं जुन्या मालिकेचं पंचवीस हजारांचं कार्ड इथे अडणार आणि साधा, म्हणजे एफ नसलेला १२४०० काम काढून नेणार. एडियस सॉफ्टवेअरवर एडिट करणाऱ्यांना तर क्विक सिंकचा मोठा आधार. कार्ड बसवल्यावर काही बोर्ड आतलं ग्राफिक आपोआप बंद करतात. ते बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करून देणं हाही आमच्या कामाचाच भाग. फाइल एच.२६४ मध्येच टेन बिट ४:२:२ असेल तर मात्र १२४०० चाही इलाज चालत नाही, प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी कॉपी) करा म्हणून सांगतो. क्लिप मागतो ती यासाठीच.

उरलेल्या पैशात पहिला मान स्टोरेजचा. १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं फोरके तासाला ४५ जीबी होतं. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेरे चालले तर आकडा तुम्हीच मांडा. चालू काम एक टीबीच्या एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर), पार्टीला देऊन झालेलं काम हार्ड डिस्कवर. बोर्ड दोन एम.टू स्लॉटचा घ्यायचा, एनव्हीएमई त्यातच बसते. ग्राफिक कार्ड आम्ही बऱ्याचदा नंतरवर ढकलतो. कट, डिझॉल्व्ह, थोडं कलर एवढंच काम असेल तर पहिला सीझन त्याच्याविना निघतो. २०२१ च्या टंचाईत कार्डांचे भाव ऐकवत नव्हते तेव्हा हाच सल्ला दिला होता. क्रिप्टो मायनिंगमध्ये घासलेली कार्डं स्वस्तात मिळत होती, ती दुकानात ठेवली नाहीत. थोडं गिऱ्हाईक गेलं, जाऊ दे.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर मात्र मी ऐकत नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा ‘४५० वॉट’ आणि ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) ४५० वॉट यांत फरक काय, ते रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्यालाच कळतं. रंगीत लाइटचे पंखे हवेत तर स्वतःच्या पैशानं घ्या, पण एसएमपीएसमधून कापू नका. (लाइटचे पंखे आम्हीही विकतो. मार्जिन त्यातच आहे.)

सध्या अडचण रॅमची आहे. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलली आणि भाव चढत गेले. पूर्वी ३२ जीबी डोळे झाकून टाकत होतो. आता १६ जीबीची एकच पट्टी टाकतो आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवतो. ८-८ च्या दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनेलचा (दोन्ही पट्ट्या एकदम वापरण्याचा) थोडा वेग मिळतो हे मान्य, पण दोनच स्लॉटच्या बोर्डावर उद्या वाढवताना त्या दोन्ही काढाव्या लागतात. आणि कोटेशनवर आता शिक्का मारतो: रॅमचा दर तीन दिवसांपुरता.