रक्त मागितलं तर पाणी का देताय

मागच्या जुलैमधली नाईट. परळ साइडच्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत मी टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली, पण ती रात्र अजून डोक्यातून जात नाही. बाहेर धो धो पाऊस, हिंदमाताला पाणी भरलेलं, लोकल कधीच्या बंद. रात्री दोनच्या सुमारास लेबर वॉर्डचे मामा, म्हणजे वॉर्डबॉय, धावत आले, हातात फॉर्म आणि सॅम्पल. बाळंतीण, डिलिव्हरी होऊन तास झाला तरी ब्लीडिंग थांबत नाही, ग्रुप एबी पॉझिटिव्ह. चार पिशव्या लाल रक्त आणि चार एफएफपी, म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा, रक्तातला पिवळट पातळ भाग.

लाल पिशव्यांचं टेन्शन नव्हतं. एबी पॉझिटिव्हवाल्याला कुणाच्याही लाल पेशी चालतात, दोन एबीच्या, दोन बीच्या क्रॉसमॅच करून, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळतात का बघून, पाठवल्या. पण प्लाझ्माचं गणित बरोब्बर उलटं असतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रोटीन, प्लाझ्मात असतात ना. ओ ग्रुपवाल्याच्या प्लाझ्मात ए आणि बी दोघांविरुद्धच्या, एवाल्याच्या प्लाझ्मात बीविरुद्धच्या. एबीच्या प्लाझ्मात दोन्ही नसतात म्हणून तो सगळ्यांना चालतो, पण एबी पेशंटला मात्र एबीचाच लागतो. आणि एबी डोनर आधीच कमी. डीप फ्रीजरमध्ये मोजून चार पिशव्या होत्या.

त्यातली एक काढतानाच तडकली. उणे तीसच्या खाली ठेवलेली पिशवी काचेसारखी होते, जरा आपटली की गेली. माझ्याच हातून झालं. दोन सेकंद काही सुचेना, मग उरलेल्या तीन कव्हरमध्ये घालून ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये सोडल्या आणि दुसऱ्या एका ब्लड बँकेला फोन लावला. त्यांच्याकडे एक होती. पेशंटचा दीर म्हणाला मी जातो, आइसबॉक्स घेऊन गुडघाभर पाण्यातून निघाला.

वितळायला पंचवीस-तीस मिनिटं लागतातच. पाणी जास्त गरम करून घाई केली तर आतली प्रोटीन खराब होतात, आणि प्लाझ्मा देतोय तो त्या प्रोटीनसाठीच. नवरा खिडकीशी उभा, दर दोन मिनिटांनी ताई झालं का, ताई झालं का. शेवटी पिशव्या बाहेर काढल्या, त्या पिवळट पिशव्या बघून तो ओरडलाच, "अहो ताई, रक्त मागितलं तर पाणी का देताय?"

मला आधी राग आला आणि मग त्याचा चेहरा बघितला, पोरगाच होता, पंचवीस-सव्वीसचा. मामांच्या हातात पिशव्या दिल्या, ते पळाले, आणि मग त्याला सांगितलं की दादा, तू म्हणतोस ते नव्वद टक्के बरोबर आहे, यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. पण उरलेल्यात सगळा जीव आहे. अल्ब्युमिन, जे पाणी शिरांमध्ये धरून ठेवतं. अँटीबॉडी. मीठ, साखर, हार्मोन. आणि फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठताना ज्याचे धागे होऊन गाठ बांधली जाते ते. तुझ्या बायकोचं तेच संपत आलंय. लाल रक्त दिलं तर ऑक्सिजन जाईल, सलाईन दिलं तर शीर भरेल, पण भोक बुजवणार कोण?

तेवढ्यात रिपोर्ट आला, फायब्रिनोजेन ९०. एरवी २०० ते ४००च्या मध्ये असतं, बाळंतपणाच्या वेळी तर त्याच्याही वर असायला हवं. ९० बघून माझे हात गार पडले. डॉक्टरांनी क्रायो मागवलं. क्रायो म्हणजे प्लाझ्मा फ्रीजच्या थंडीत हळू वितळवला की तळाशी जो साका राहतो तो, पिशवीत जेमतेम पंधरा-वीस मिली, पण फायब्रिनोजेन त्याच्यातच जास्त. दहा पिशव्या लावल्या. पावणेचारला दीर आला, नखशिखांत ओला, बॉक्स मात्र छातीशी धरलेला. चौथी पिशवी गेली.

सहाला रेसिडेंट डॉक्टरचा फोन आला, ताई, थांबलं, गर्भपिशवी काढावी लागली नाही. मी खुर्चीत बसले आणि रडले, लपवायचं काय त्यात.

नवरा लगेच रक्त द्यायला तयार. मी घेतलं नाही, रात्रभर जागलेल्या माणसाचं घेत नाही आम्ही, म्हणलं झोप काढ, पोटभर जेव आणि मग ये. तो खरंच चार दिवसांनी आला, ग्रुप बी निघाला. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून थर वेगळे करणाऱ्या मशीनमधून, काढलेली पिशवी मी त्याला काचेतून दाखवली, खाली लाल, वर अर्ध्याहून जास्त पिवळं. बराच वेळ बघत राहिला. मग हळूच विचारलं, "हे वरचं पण माझंच ना?"

म्हणलं हो. वरचं वेगळ्या पिशवीत काढलं, लेबल लावलं आणि ती फ्रीजरमध्ये ठेवली.