जादाचे कोंबडे

दुपारी जेवून जरा लवंडले होते, तेवढ्यात मामेबहिणीचा कुडाळहून फोटो आला. अंगणात नुकते तुरे फुटलेले पाच कोंबडे आणि खाली एकच ओळ : ‘ताई, ह्यांचं काय करू?’ कोंबड्या किती, विचारलं. सहा.

खुडूक कोंबडी २१ दिवस रवणीला बसते आणि पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. परसाला मात्र आठ-दहा कोंबड्यांत एक कोंबडा पुरे. नुसती अंडी खायची तर तोही नको.

आजी हा हिशेब पाठी बघून करायची. तिन्हीसांजेला खुराड्यापाशी बसून एकेक कोंबडी मांडीवर घ्यायची, पंख बाजूला सारायची. पिसं झडून गुलाबी कातडी दिसली की समजायचं, परसात पुरुषमंडळी फार झाली. मग मामीला एवढंच विचारायची, “फाल्या कोण पावणो येतलो काय गो?” दुसऱ्या दिवशी वडे. आषाढ सरत आला की पाहुण्यांचीही वाट बघायची गरज नसे.

कोण जाणार आणि कोण राहणार, हे गांडुळावर ठरायचं. गांडूळ सापडल्यावर जो कुक्-कुक् करत कोंबड्यांना बोलावतो आणि स्वतः चोच लावत नाही, तो घरचा. एकटाच गिळणारा आधी जायचा. माणसांनाही तिने हीच परीक्षा लावली होती असा मला संशय आहे, पण ते असो.

शिवाय एक राखीव असायचा. थोरल्याला कोल्ह्याने नेलं तर? हा गोठ्याच्या छपरावर राहायचा आणि पहाटे थोरल्याची बांग झाल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. जपानी संशोधकांनी २०१५ साली हेच मांडलं : आधी वरचढ कोंबडा आरवतो, मग मानाप्रमाणे बाकीचे. मला तेव्हा तो नुसता भिडस्त वाटायचा आणि म्हणून आवडायचा.

एका पावसाळ्यात थोरल्याला खरंच कोल्ह्याने नेलं. दुसऱ्या पहाटे राखीवाने अशी काही बांग ठोकली की सगळी वाडी उठली. दुपारी त्याला माडाच्या आळ्यात हे लांबलचक गांडूळ सापडलं. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मुकाट्याने गिळून टाकलं.

आजीने ते बघितलं. शेजारच्या वाडीतून नवा कोंबडा येईपर्यंत मात्र त्याला अभय होतं.