राइस्लिपच्या कोठारातले वाचनालय

लंडनच्या मेट्रोपॉलिटन लाइनने राइस्लिपला उतरून हाय स्ट्रीटने वर चालत गेले, की सेंट मार्टिन चर्चपाशी दुकाने संपतात आणि मॅनर फार्मचे आवार लागते. नॉर्मन विजयानंतर ही जहागीर फ्रान्समधील बेक मठाकडे गेली होती. 1451 मध्ये ती केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजला मिळाली. 1904 मध्ये इथे रेल्वे स्थानक झाले आणि भोवतालच्या शेतांवर घरे उभी राहत गेली. तरीही 1930 च्या दशकाच्या आरंभी हे आवार कॉलेजकडून स्थानिक परिषदेकडे आल्यामुळे जुने शेतघर, दोन्ही कोठारे आणि बदकांचे तळे एकमेकांच्या सोबतीने टिकून राहिले.

तेराव्या शतकाच्या अखेरीचे थोरले कोठार भव्य आहे आणि बहुतेक पाहुणे तिकडेच वळतात. मी मात्र धाकट्या कोठारासाठी गेले होते. सोळाव्या शतकातल्या या इमारतीत 1937 मध्ये सार्वजनिक वाचनालय सुरू झाले आणि ते आजही चालू आहे.

आत शिरताच नजर पुस्तकांआधी छताकडे जाते. खांबावर तुळई, तुळईला दोन्ही अंगांनी तिरके आधार, त्यावर वासे आणि कौले, असा सगळा सांगाडा उघडा ठेवलेला आहे. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून लाकडी खुंटी ठोकायची, अशी ही जोडणी असते. ओकचे लाकूड ओले असतानाच घडवले जाई, कारण वाळल्यावर ते फार कठीण होते. वाळताना ते आकसते आणि वाकतेही. म्हणून अशा चौकटीत सरळ रेषा शोधू नये. मला तर त्या बाकातच सुताराच्या हाताची ओळख पटते.

वाचनालयासाठी कोठार निवडणे मला अतिशय योग्य वाटते. राहत्या घरात लहान लहान खोल्या असतात, तिथे कपाटे मांडायची तर भिंती पाडाव्या लागतात. कोठार म्हणजे मुळातच खणामागून खण जोडलेले एक सलग दालन, आणि छपराचा भार भिंतींवर नव्हे, तर खांबांवर. धान्याला न लागणारा उजेड आणि ऊब मात्र वाचकाला लागते, तेवढी सोय नव्याने करावी लागते. या शतकाच्या पहिल्या दशकात राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून आवाराचा जीर्णोद्धार झाला, तेव्हाही या कोठाराचे वाचनालयच राहू दिले, याचा मला फार आनंद वाटतो. कुलूपबंद वास्तूत गळती लागली तर ती कळायला वर्षे जातात. इथे छतातून थेंब पडला, तर त्याच दिवशी कोणीतरी तो सांगेल.

वाचनालयात जायला तिकीट लागत नाही. वेळ हाताशी असेल, तर जवळच्या पार्क वूडमध्येही जरूर फिरून यावे. चौदाव्या शतकात टॉवर ऑफ लंडन आणि विंडसर कॅसलच्या कामासाठी तिथूनच लाकूड गेले होते.