बाटली खातं

आमच्या घरी टिफिन हे बायकोचं खातं आणि पाण्याची बाटली हे माझं. ही वाटणी कधी झाली, कोणी केली, काही आठवत नाही, पण टिफिनमध्ये रोज डोकं लावावं लागतं आणि बाटलीचं काय, नळाखाली धरली की झालं, असा हिशोब करून मीच खुशीखुशी हो म्हटलं असणार. फसलो. पोट्ट्यांच्या बाटल्या ज्यानं रोज रात्री घासल्या त्यालाच माहीत, एका बाटलीचे किती भाग असतात ते. झाकण, त्यावरचं उघडमीट करणारं बटण, आतला स्ट्रॉ, स्ट्रॉच्या डोक्यावरची ती मऊ चोखणी, आणि झाकणाच्या खाचेत दडून बसलेली रबराची रिंग, जी काढून धुवायची असते हे मला दीड वर्षानं कळलं. काढली तर खाली सगळं काळं. तेव्हापासून रविवारी रात्री रिंगा काढतो, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात टाकतो, बारका ब्रश स्ट्रॉमधून आरपार घालतो, आणि सोमवारी सकाळी सव्वासहाला ती रिंग सापडत नाही म्हणून अख्खं घर उठवतो.

मोठी ईरा, धाकटा छोटू. प्लेग्रुपपासून केजी टू संपेपर्यंत ईराच्या सात बाटल्या झाल्या. मला तिची वर्षं सनावरून आठवतच नाहीत, बाटलीवरून आठवतात. दोन कानांचा सिप्पर म्हणजे प्लेग्रुप, तेव्हा ती गेटपाशी रडायची आणि मॅडमनी कडेवर घेतलं की माझ्याकडे बघत बघत सिप्परचा कान चावायची. निळा हत्ती म्हणजे नर्सरी. गुलाबी युनिकॉर्न म्हणजे केजी वन. मधे एक स्टीलची होती, ती पहिल्याच आठवड्यात ऑटोतून पडली, बुडाला असा पोचा आला की उभीच राहीना. तीन शाळेतच गेल्या, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. उरलेल्या रिटायर झाल्या की माझ्याकडे येतात. ऑफिसात मी वर्षभरापासून युनिकॉर्नमधून पाणी पिऊन राहिलो, मीटिंगमध्ये बटण दाबलं की स्ट्रॉ टक् करून वर येतो, आधी साहेब बघायचे, आता तेही काही बोलत नाहीत.

शाळेत हरवलेल्या सामानाचा एक खोका असतो. पीटीएमला गेलं की मॅडम सांगत असतात, मुलगी कात्री नीट धरते, शेअरिंग करते, थोडी बोलकी आहे, आणि माझं अर्धं लक्ष त्या खोक्याकडे. एकदा त्यात हात घातला तर एकाच छापाच्या नऊ बाटल्या, नऊही निळे हत्ती. त्यातला एक अंदाजानं घरी आणला, महिनाभर घासला, मग कळलं की तो वर्गातल्या दुसऱ्याच मुलाचा आहे आणि आमचा हत्ती त्याच्या घरी सुखात आहे. गेटपाशी त्याच्या बाबांशी अदलाबदल केली तेव्हा ते झाकण उघडून वास घेत म्हणाले, "तुम्ही रिंग काढून धुता का हो?" त्या दिवशी मला माझ्या जातीचा माणूस भेटला.

पण बाटली हरवण्याचं दुःख लहान. मोठं दुःख म्हणजे बाटली जशी भरून गेली तशीच भरलेली परत येणं. नागपूरचा एप्रिल, पारा चाळीसच्या वर, पोरगी दुपारी घामेजून लाल होऊन आली आणि बाटली काठोकाठ. "का गं, प्यायली का नाहीस?" तर म्हणे खेळत होते. मग मॅडमला चिठ्ठी. आता त्यांच्या वर्गात मधेच पाण्याची घंटा होते, घंटा झाली की सगळ्यांनी एकदम बाटल्या उचलायच्या. ईरा सांगते, सगळे प्यायले की सगळ्यांना एकदमच सू लागते.

मार्चच्या शेवटाला केजी टूचं ग्रॅज्युएशन झालं. हो, ग्रॅज्युएशन. काळा सॅटिनचा गाऊन, गोंडा लावलेली चौकोनी टोपी, हातात गुंडाळी केलेलं सर्टिफिकेट. मी बीकॉम झालो तेव्हा मला हे काही मिळालं नव्हतं, डिग्री विद्यापीठाच्या खिडकीवर रांगेत उभं राहून घेतली होती. मांडवात दोन कूलर होते, दोन्ही पाहुण्यांकडे तोंड करून. साठ ग्रॅज्युएट गाऊनमध्ये उकडून निघाले होते, कोणाची टोपी नाकावर, कोणाला झोप आलेली, आणि फोटोच्या वेळी ईरानं बाटली सोडायला साफ नकार दिला. मॅडमनी सांगितलं, मी खुणा केल्या, नाही म्हणजे नाही. आता हॉलमध्ये तो फोटो लावला आहे, गाऊन आहे, टोपी आहे, आणि गळ्यात पट्ट्यानं लटकलेली पिवळी बाटली, मंगळसूत्रासारखी बरोब्बर मधोमध. बायको म्हणाली, फोटोशॉप करून काढू या. मी म्हटलं, हात लावायचा नाही, माझ्या खात्याचा एवढाच एक फोटो आहे.

एप्रिलमध्ये पहिली सुरू झाली. सीबीएसईवाल्यांचं हे एक असतं, जुनं वर्ष संपलं की श्वास घ्यायच्या आत नवीन, मग महिनाभर शिकवून सुट्टी. शाळा इंग्लिश मीडियमची, पण २०२० च्या कायद्यानं मराठी पहिलीपासून सक्तीची झाली, त्यामुळे घरात आबाजींना एकदम भाव आला. आबाजी म्हणजे माझे बाबा. त्यांनी माळ्यावरून पाटी काढली, पाटीसाठी पेन्सिल शोधत आख्खा इतवारी बाजार पालथा घातला, आणि पंधरा दिवसांत ईराला स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं. मॅडमनी सांगितलंच होतं की बाटलीवर नाव हवं. आत्तापर्यंत ते मी स्टिकर छापून चिकटवायचो, चौथ्या धुण्यात निघायचे. यावेळी तिनं माझ्या हातातून मार्कर घेतला, जीभ बाहेर काढून, बाटली मांडीत धरून लिहिलं, "ईरा. पहीली अ." आबाजींनी चष्मा वर केला, ती दुसरी वेलांटी बघितली, आणि "वा" म्हणाले. मी बघतच राहिलो. माझ्या वेळी एवढ्यासाठी टोंगळ्यावर पट्टी बसायची.

आबाजींना आमच्या बाटल्यांचं एकंदरीत कौतुक नाही. त्यांचं म्हणणं, खरी बाटली म्हणजे छागल. जाड कॅनव्हासची पिशवी, वर छोटं तोंड, त्याला बूच. त्यांची आत्या छिंदवाड्याला होती, दर उन्हाळ्यात इतवारी स्टेशनवरून नॅरोगेजनं जायचे, अडीच फुटांचा रूळ, गाडी एवढीशी, पाटणसावंगी, सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत दिवसभर डुलत जायची. छागल खिडकीबाहेर टांगलेली. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं ते वाळतं, आणि वाळता वाळता आतल्या पाण्याची गरमी घेऊन जातं, म्हणजे आपला कूलरच झाला, फक्त पंप नाही आणि बिल नाही. आपल्या कोरड्या उन्हात हे चालतं, मुंबईच्या दमट हवेत छागल टांगली तर नुसती टपकत बसेल. आबाजी म्हणतात पहिले आठ दिवस पाण्याला कापडाचा वास यायचा, मग तोच वास आवडायला लागायचा. ती लाइन २०१५ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, त्यातली इंजिनं बघायला आता मोतीबागेच्या म्युझियममध्ये जावं लागतं. आम्ही गेलो होतो. छोटूला इंजिन खूपच आवडलं, आबाजी मात्र डब्याच्या खिडकीला हात लावून बघून राहिले होते, छागलीची दोरी बांधायची जागा शोधत असतील.

मे महिन्यात पचमढीला जायचं ठरलं. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात दोनच दिशा सुचतात, चिखलदरा नाही तर पचमढी. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ तारखेला लागतो, त्याच्या आधी जाऊन यायचं, ऊन चढायच्या आत छिंदवाडा गाठायचं, म्हणून पहाटे पाचला निघालो. माझ्या खात्याची तयारी जोरदार होती, वीस लिटरचा कॅम्पर, पन्ह्याची वेगळी बाटली, प्रत्येकाची आपापली, आणि आबाजींच्या खिशात पांढरा कांदा, तो काही त्यांनी सोडला नाही. सावनेरला तर्री पोहे खाल्ले, तर्रीनं छोटूच्या डोळ्यात पाणी आलं तरी "अजून" म्हणत होता, आणि पुढे रामाकोन्याजवळ त्याला सू लागली म्हणून थांबलो, तर समोर कन्हान नदी. मेमधली नदी म्हणजे सगळी रेती आणि मधून एक पाण्याची रेघ. सगळेच उतरले, पाय ओले केले.

मी उगाच मास्तरकी केली. म्हटलं, ईरा, आपल्या नळाला येतं ना, ते हेच पाणी. आम्ही पूर्व नागपूरचे, आम्हाला कन्हानचं पाणी. ही नदी इथून खाली जाते, कामठीच्या पुढे कन्हान गावापाशी ते पाणी उचलतात, साफ करतात, मग पाइपातून घरी. पश्चिमवाल्यांना पेंचचं, पण पेंचही छिंदवाडा जिल्ह्यातच उगम पावते, तोतलाडोहला अडवलेली. म्हणजे सगळं नागपूर छिंदवाड्याचं पाणी पिऊन राहिलं. ईरानं हातातल्या बाटलीकडे बघितलं, नदीकडे बघितलं.

"मग आपण कन्हानचं पाणी घेऊन कन्हानलाच आलो?"

आबाजी इतके हसले की कांदा खिशातून पडला.

त्या हसण्याच्या नादात बाटली दगडावर राहिली. कळलं कुठे, तर छिंदवाडा आल्यावर. चाळीसेक किलोमीटर मागे. ऊन चढलेलं, घाट झालेला, बायको माझ्याकडे बघते, मी बायकोकडे, आणि मागच्या सीटवर ईरा हुंदके देऊन राहिलेली, कारण ती नाव लिहिलेली बाटली होती, हत्ती-युनिकॉर्नचं काही वाटलं नव्हतं कधी. मी गाडी काही वळवली नाही. नुसतं म्हटलं, अगं आपल्याच नदीत राहिली ना, पाणी वाढलं की येईल वाहत. छोटूनं लगेच विचारलं, "नळातून?" मी आरशात बघितलं आणि हो म्हटलं.

पचमढी छान झाली, थोडक्यात सांगतो. हजारेक मीटर उंची, रात्री चादर लागली, आम्हा कूलरवाल्यांना त्याचंच केवढं कौतुक. धूपगडावर सूर्यास्त बघितला, छोटू त्याआधीच झोपला होता. माकडानं माझ्या हातातून फ्रूटीचा डबा ओढून नेला, तेवढं सोडून पोरांना दुसरं काही आठवत नाही. बी फॉलला पायऱ्या उतरताना हॉटेलवाला भाऊ सांगत होता की गावाला प्यायचं पाणी याच ओढ्याचं, तर ईरा ओंजळीत घेऊन निरखून बघत बसली आणि मला म्हणाली, "इथल्या मुलांच्या बाटल्या याच्यात हरवत असतील."

येताना रामाकोन्याला मुद्दाम थांबलो. खरं म्हणजे मलाच टोचत होतं, चांगली प्लास्टिकची बाटली नदीत टाकून आलो म्हणून. दगड होता तिथेच, बाटली नव्हती. कोणीतरी उचलली असेल, गुरं राखणाऱ्या पोराच्या कामी आली असेल तर बरंच. छोटू मात्र टाळ्या वाजवायला लागला. "निघाली! निघाली ती!"

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, तोपर्यंत पुण्याच्या पोरांची एक टेस्टही झालेली असते. आदल्या रविवारी सीताबर्डीला गेलो, छत्री, रेनकोट, बाटली. मी सवयीनं कार्टूनच्या रांगेपाशी उभा, आणि ईरा पलीकडे मोठ्यांच्या स्टीलच्या बाटल्या उचलून झाकणं फिरवून बघते. एक साधी करडी निवडली. चित्र नाही, स्ट्रॉ नाही, फक्त एक झाकण. मी म्हटलं हत्ती नको का, तर "बाबा, ते बेबीचं असतं." घरी येऊन मार्करनं नाव लिहिलं, पहिलीची वेलांटी यावेळी बरोबर. छोटूनं नर्सरीसाठी निळा हत्ती घेतला. मी म्हटलं चला, निदान एकाच्या रिंगा तरी राहिल्या.

जुलैत चार दिवस सतत पाऊस लागला, नदीला पूर आल्याच्या बातम्या, आणि नळाला गढूळ पाणी. तुरटी फिरवून बादल्या भरून राहिलो होतो. छोटू सकाळपासून मोरीत उकिडवा बसून नळाच्या तोंडात बघतो आहे, मधेच एक बोट आत घालून चाचपतो.

"बाबा, अजून नाही आली. अडकली का?"

मी काही म्हणायच्या आत ईरा दारात आली. नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तो नळ केवढा आणि बाटली केवढी, हे तिला कधीचंच कळलेलं आहे, तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग ती त्याच्या बाजूला बसली.

"अरे, तिला आधी कन्हानला साफ करतात ना," ती म्हणाली. "रिंग काढून. वेळ लागतो."