गीझर, टाँग टेस्टर आणि सहा व्होल्ट

साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात गीझर लावला की बाथरूममधला पिवळा बल्ब मंद व्हायचा. "लाइटच कमी येते," म्हणून घरात सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. मला मात्र ती नेमकी कुठे कमी होते हे बघायचं होतं.

ओळखीच्या वायरमनकाकांना टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमटा अडकवून करंट मोजणारा मीटर, घेऊन बोलावलं. चालू लाइनला हात त्यांनीच लावला. ज्याचा हात बसलाय त्यानेच ते करावं. टेस्टरचा चिमटा फक्त फेजच्या वायरीभोवती अडकवायचा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत आल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना काटतात आणि मीटर शून्य दाखवतो. काकांनी एमसीबीपाशी (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचपाशी) चिमटा लावला: ८ अँपिअर. गीझरच्या सॉकेटवर व्होल्टेज २१२.

पुढचं काम वहीवर. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स: २१२ भागिले ८, म्हणजे २६.५ ओहम. गीझरवर छापलंय २३० व्होल्ट, २००० वॅट. २३०च्या वर्गाला २००० ने भागलं की २६.४५ येतात. ताळा जुळला, म्हणजे कॉइल ठणठणीत. (बल्बला हा ताळा लावू नका. १०० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स हिशेबाने ५२९ ओहम येतो, पण थंड बल्ब मल्टिमीटरला लावला तर चाळीसच्या आसपासच दिसतो, कारण तंतू तापला की रेझिस्टन्स कितीतरी वाढतो.) पॉवर मात्र २१२ गुणिले ८, फक्त १६९६ वॅट. व्होल्टेज आठ टक्के कमी तर पॉवर पंधरा टक्के कमी, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते.

खरी गोष्ट दुसऱ्या मापात सापडली. गीझर चालूच ठेवून मेन बोर्डावर मोजलं तर २२३. म्हणजे बोर्डापासून सॉकेटपर्यंत ११ व्होल्ट वाटेत जात होते! वायर तांब्याची, दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची), किलोमीटरला साधारण १२ ओहम. अंतर २५ मीटर, जाऊन-येऊन ५०. म्हणजे ०.६ ओहम, आणि ८ अँपिअरला पाचएक व्होल्ट. मग उरलेले सहा कुठे गेले? सहा गुणिले आठ, ४८ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं. त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता आमच्या भिंतीत कुठेतरी निघत होती.

"मग जॉइंटच असणार," काका म्हणाले. मेन बंद करून पॅसेजमधला जंक्शन बॉक्स उघडला. न्यूट्रलचा नुसता पीळ मारलेला जॉइंट काळा ठिक्कर पडला होता, आणि टेप हात लावताच तुकड्यातुकड्यांनी गळून पडली. एमसीबी यात कधीच पडला नसता. तो करंट बघतो, आणि करंट तर आठच अँपिअर होता.

गीझरला बोर्डापासून चार स्क्वेअरची नवी वायर ओढून घेतली, मध्ये एकही जॉइंट नाही. आता बोर्डावर २२३ असताना सॉकेटवर २२१ मिळतात, करंट ८.३, पॉवर १८३४ वॅट. पंधरा लिटर पाणी तापायला जेमतेम दीडएक मिनिट कमी लागतं, पण खर्च त्या मिनिटासाठी केलाच नव्हता. आता स्वयंपाकघरातली लाइनही अशीच दोन्ही टोकांना मोजायची आहे. काकांना तसं सांगून ठेवलंय.